एकोणिसाव्या शतकातले बेसबॉलचे अव्वल फलंदाज: आधी त्या वर्षाचा नियम, मग सरासरी

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये अव्वल फलंदाज कोण होते, आणि कॅप ॲन्सनची १८८७ ची सरासरी एका यादीत .४२१ तर दुसरीत .३४७ का दिसते?

आधी थेट उत्तर देतो. एकच नाव हवे असेल तर डॅन ब्रूदर्स. एकाच मोसमातली कामगिरी बघायची तर रॉस बार्न्स (१८७६), टिप ओ'नील (१८८७) आणि ह्यू डफी (१८९४). या तिघांत डफीचा आकडा सर्वांत मोठा आहे, तरी मी त्याला तिसरा ठेवतो. असे का, ते समजायला तुमचा दुसरा प्रश्नच आधी सोडवावा लागतो. त्या तीस वर्षांत जवळपास दर हिवाळ्यात नियम बदलत होते. पिचर (चेंडू टाकणारा) किती लांबून टाकतो, किती चेंडू सोडल्यावर फलंदाजाला फुकट बेस (धाव पुरी करताना गाठायच्या थांब्यांपैकी एक) मिळतो, कोणता फटका वैध धरायचा, काहीच स्थिर नव्हते. वर्ष न बघता नुसती सरासरी वाचली की हमखास फसगत होते.

क्रिकेटच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. बेसबॉलच्या सरासरीत धावा आणि बाद होणे यांचा भागाकार नसतो. हिट भागिले मोजलेल्या पाळ्या, एवढेच. .४२९ म्हणजे हजार पाळ्यांत ४२९ हिट. हिट म्हणजे असा फटका की ज्यावर क्षेत्ररक्षकाची चूक नसताना फलंदाज बेसवर पोचला. पिचरने ठरावीक संख्येने खराब चेंडू टाकले तर फलंदाज चालत पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. आज वॉक हिट नसतो आणि पाळीतही धरत नाहीत. जुन्या आकड्यांतला निम्मा गोंधळ या एका वॉकमुळे आहे.

सुरुवात बार्न्सपासून करू, कारण नॅशनल लीगचा पहिला मोसम १८७६ चा आणि त्या मोसमाचा अव्वल फलंदाज तोच. शिकागोकडून ६६ सामन्यांत ३२२ पाळ्या, १३८ हिट. भागाकार करा: .४२९. पण त्या एका वर्षी लीगने वॉकची गणना वाया गेलेल्या पाळीत केली होती. बार्न्सचे वॉक २०. ते पाळ्यांत मिळवले की १३८ भागिले ३४२, म्हणजे .४०४. म्हणून जुन्या पुस्तकात .४०४ आणि नव्यात .४२९ दिसते. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, फक्त खालची संख्या वेगळी आहे. तुलना करायची असेल तर .४२९ घ्या, कारण बाकी सगळ्या वर्षांना आपण तोच हिशेब लावतो.

बार्न्सचा हुकमी फटका होता 'फेअर-फाउल'. तो नीट समजून घेण्यासारखा आहे. तेव्हाच्या नियमात चेंडू पहिल्यांदा कुठे टेकला एवढेच पाहत. होम प्लेटपुढे (फलंदाजाजवळच्या पाटीपुढे), रेषेच्या आत टप्पा पडला की फटका वैध. मग चेंडू फिरकी घेऊन रेषेबाहेर कुठेही गेला तरी चालायचे. बार्न्स बॅट वरून खाली, चेंडूच्या वरच्या अंगाला घासून मारायचा. चेंडू प्लेटपासून हातभर पुढे आपटायचा आणि तिसऱ्या बेसच्या बाहेरून प्रेक्षकांच्या दिशेने घरंगळत जायचा. तिसऱ्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाची पंचाईत दोन्हीकडून व्हायची. रेषेला चिकटून उभे राहावे तर त्याच्या आणि शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) मधे भगदाड पडते. आत उभे राहावे तर चेंडूमागे बाहेर धावावे लागते आणि तोवर फलंदाज बेसवर पोचलेला असतो. या फटक्याचा शोध बहुतेक जण डिकी पीअर्सच्या नावावर मांडतात, पण त्याचे शस्त्र केले बार्न्सने.

१८७७ मध्ये नियम बदलला: पहिल्या किंवा तिसऱ्या बेसपर्यंत पोचण्याआधी जमिनीवरचा चेंडू रेषेबाहेर गेला तर तो फाउल, म्हणजे अवैध. त्या वर्षी बार्न्स फक्त २२ सामने खेळला आणि सरासरी .२७२ वर आली. यावरून 'नियम गेला आणि बार्न्स संपला' असे सर्रास लिहिले जाते. मला ते पटत नाही. त्या वर्षी त्याला हिवतापासारख्या आजाराने गाठले होते आणि अंगातली ताकदच गेली होती. शिवाय फेअर-फाउल सर्वांनाच खुला होता. लीगची सरासरी १८७६ मध्ये .२६५ होती, तरी बार्न्सच्या जवळपासही कोणी आला नाही. नॅशनल लीगच्या आधी, नॅशनल असोसिएशनमध्ये बोस्टनकडून खेळताना १८७२ आणि १८७३ अशी लागोपाठ दोन वर्षे तो .४०० च्या वर होता.

असोसिएशनचा (१८७१ ते १८७५) उल्लेख आला म्हणून आणखी एक सापळा सांगतो. १८७१ मध्ये लेवी मायर्लीची सरासरी .४९२ आहे. आकडा खरा आहे, १३० पाळ्यांत ६४ हिट. पण सामने फक्त २६. आजच्या मोसमाचा हा एक महिना झाला. शिवाय असोसिएशनला 'मेजर लीग', म्हणजे सर्वोच्च दर्जाची लीग, मानायचे की नाही यावर एकमत नाही. १९६८ मध्ये बेसबॉलच्या नोंदींसाठी नेमलेल्या समितीने मानायचे नाही असे ठरवले, तर अनेक संशोधक मानतात. ॲन्सनचे कारकिर्दीतले हिट कुठे ३,०११ आणि कुठे ३,४३५ दिसतात, त्याचे मुख्य कारण असोसिएशनमधली त्याची पाच वर्षे. यादी वाचताना तळटीप आधी बघा: असोसिएशन धरले आहे का, आणि कमीत कमी किती पाळ्यांची अट आहे.

आता १८८७, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. त्याआधी फलंदाज खेळायला उभा राहताना अंपायरला 'हाय' किंवा 'लो' असे सांगायचा. हाय म्हणजे खांद्यापासून कमरेपर्यंत, लो म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंत. पिचरला चेंडू सांगितलेल्या पट्ट्यातच टाकावा लागे. १८८७ मध्ये ही सवलत काढली आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकच पट्टा केला. एवढी मोठी गोष्ट फलंदाजाकडून घेतल्यावर भरपाई म्हणून दोन गोष्टी दिल्या. त्या वर्षापुरते बाद व्हायला तीनऐवजी चार स्ट्राइक (हुकलेले किंवा पट्ट्यात येऊनही सोडलेले चेंडू), आणि वॉकची गणना हिटमध्ये. दोन्ही तरतुदी पुढच्याच वर्षी गेल्या, पण त्या वर्षाचे छापील आकडे तसेच राहिले.

ॲन्सनचा हिशेब मांडून बघा. ४७२ पाळ्यांत १६४ खरे हिट, म्हणजे .३४७. वॉक ६०. ते वर आणि खाली दोन्हीकडे मिळवले की २२४ भागिले ५३२, म्हणजे .४२१. आता डेट्रॉइटचा सॅम थॉम्प्सन. ५४५ पाळ्यांत २०३ हिट, म्हणजे .३७२. त्याचे वॉक ३२, म्हणजे तेव्हाच्या नियमाने २३५ भागिले ५७७, .४०७. तेव्हाच्या नियमाने नॅशनल लीगचा अव्वल फलंदाज ॲन्सन ठरतो, आजच्या हिशेबाने थॉम्प्सन. १९६८ च्या समितीने १८८७ चे वॉक हिटमधून काढले, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक ग्रंथांत थॉम्प्सन दिसतो. दोघांपैकी कोणाला विजेता म्हणायचे? फलंदाजीचा कस बघायचा असेल तर थॉम्प्सन. मात्र ॲन्सनचा किताब काढून घेणे मला योग्य वाटत नाही. खेळाडू समोर असलेल्या नियमाप्रमाणेच खेळतो आणि त्या वर्षी वॉक घेणे हा हिटच होता.

त्याच वर्षी अमेरिकन असोसिएशनमध्ये (ही नॅशनल लीगची प्रतिस्पर्धी मेजर लीग, वरची नॅशनल असोसिएशन नव्हे) सेंट लुइसकडून कॅनडाचा टिप ओ'नील खेळत होता. ५१७ पाळ्या, २२५ हिट, .४३५. तेव्हा .४९२ छापले होते. त्याचे ५० वॉक मिळवून आज हिशेब केला तर .४८५ येतात, म्हणजे तेव्हाच्या हिट-पाळ्यांच्या मोजणीतही फरक होता. पण ओ'नीलला मी वर का ठेवतो ते वॉक वगळूनच दिसते. डबल (दोन बेसचा फटका) ५२, ट्रिपल (तीन बेसचा) १९, होम रन (चारही बेसचा) १४, आणि या तिन्ही प्रकारांत तो लीगमध्ये पहिला. सरासरीतही पहिला. चार स्ट्राइकचा फायदा त्याला मिळाला हे खरे, पण तो त्या लीगमधल्या प्रत्येकालाच मिळाला होता आणि लीगची सरासरी .२७३ च्या आसपासच राहिली.

असाच एक छोटा नमुना १८७८ चा. मिलवॉकीचा ॲब्नर डॅलरिंपल .३५४ ने विजेता जाहीर झाला, कारण बरोबरीत सुटलेल्या सामन्यांचे आकडे तेव्हा धरत नसत. ते धरले की प्रॉव्हिडन्सचा पॉल हाइन्झ .३५८ ने पुढे जातो, आणि ४ होम रन व ५० धावा आत आणण्याच्या कामगिरीसह तिन्ही यादीत पहिला ठरतो. हयातीत त्याला याचे श्रेय मिळाले नाही.

होम रनच्या यादीत वॉकचा प्रश्न येत नाही, तिथे मैदान बघायचे. शिकागोच्या नेड विल्यमसनचे १८८४ मध्ये २७ होम रन आहेत. हा उच्चांक १९१९ मध्ये बेब रूथने २९ मारेपर्यंत टिकला. पण शिकागोचे लेक फ्रंट पार्क इतके चिंचोळे होते की डावी आणि उजवी दोन्ही कुंपणे २०० फुटांच्या आत होती. आदल्या वर्षापर्यंत तिथे कुंपणापलीकडे गेलेल्या चेंडूला डबलच देत असत. म्हणून १८८३ मध्ये विल्यमसनचे डबल ४९ आणि होम रन फक्त २. मग १८८४ मध्ये क्लबने तोच फटका होम रन धरायचे ठरवले. २७ पैकी २५ होम रन घरच्या मैदानावरचे. त्याच संघाचे फ्रेड फेफर २५, डॅलरिंपल २२ आणि ॲन्सन २१ वर पोचले, एवढ्यावरून काय ते कळते. विल्यमसन चांगला खेळाडू होता, पण होम रनच्या ताकदीचा माप म्हणून तो आकडा वापरू नका. तिथे रॉजर कॉनरकडे बघावे: कारकिर्दीत १३८ होम रन आणि २३३ ट्रिपल. १३८ चा उच्चांक रूथने १९२१ मध्ये मोडला.

(हे फलंदाज भारताच्या सर्वांत जवळ आले ते जानेवारी १८८९ मध्ये, कोलंबोला. अल्बर्ट स्पॉल्डिंगने शिकागोचा संघ आणि बाकी क्लबांतून निवडलेला दुसरा संघ घेऊन जगाचा दौरा काढला होता. ऑस्ट्रेलियाहून इजिप्तकडे जाताना ते सिलोनला थांबले, एक सामना खेळले आणि मुंबईला न शिवता पुढे गेले. ॲन्सन आणि विल्यमसन दोघेही त्या बोटीवर होते. पुढे पॅरिसमध्ये घसरून बेस गाठताना विल्यमसनचा गुडघा फुटला आणि तिथून त्याची कारकीर्द उतरणीला लागली.)

सर्वांत मोठा बदल १८९३ चा. 'पिचर ५० फुटांवरून ६० फूट ६ इंचांवर गेला' असे सगळीकडे लिहिलेले असते आणि ते दिशाभूल करणारे आहे. ५० फूट हे पिचरच्या चौकटीच्या पुढच्या रेषेचे अंतर होते. १८८७ पासून पिचरला मागचा पाय चौकटीच्या मागच्या रेषेवर ठेवावा लागे आणि ती रेषा ५५ फूट ६ इंचांवर होती. १८९३ मध्ये चौकट काढून रबराची पट्टी ६० फूट ६ इंचांवर बसवली आणि पाय त्या पट्टीला टेकलेला ठेवायचा नियम केला. म्हणजे प्रत्यक्षात पिचर ५ फूट मागे गेला. पण हे ५ फूट पुरेसे ठरले. जुन्या अंतराला जुळवलेला कर्व्ह (हवेत वळणारा चेंडू) आता प्लेटच्या आधीच वळून जायचा आणि वेगवान चेंडू बघायला फलंदाजाला क्षणभर जास्त मिळायचा. नॅशनल लीगची सरासरी १८९२ मध्ये .२४५ होती, १८९३ मध्ये .२८० झाली आणि १८९४ मध्ये .३०९.

त्या १८९४ मध्ये बोस्टनच्या ह्यू डफीने ५३९ पाळ्यांत २३७ हिट मारून .४४० केली. नॅशनल किंवा अमेरिकन लीगमध्ये पुरा मोसम खेळून इतकी सरासरी पुढे कोणालाही जमलेली नाही. १८ होम रन आणि १४५ धावा आत आणणे, या दोन्हींतही तो पहिला. उंची ५ फूट ७ इंच. कामगिरी थोर आहे, यात शंका नाही. पण त्याच मोसमात फिलाडेल्फियाचे एड डेलाहँटी, सॅम थॉम्प्सन, बिली हॅमिल्टन आणि राखीव टक टर्नर हे चारही आउटफिल्डर (लांबचे क्षेत्ररक्षक) .४०० च्या वर होते. एका संघाचे चार जण! शिवाय १५ मे रोजी बोस्टनचे मैदान आगीत जळाले आणि काही आठवडे सामने काँग्रेस स्ट्रीटच्या मैदानावर झाले, तिथे डावे कुंपण जेमतेम २५० फुटांवर. तिथेच ३० मे रोजी डफीचा सहकारी बॉबी लो याने एका सामन्यात चार होम रन मारले. असा पराक्रम करणारा तो पहिला.

तुलना करायची साधी रीत अशी. खेळाडूची सरासरी त्या वर्षीच्या त्याच लीगच्या सरासरीने भागा. बार्न्स: .४२९ भागिले .२६५, सुमारे १.६२. ओ'नील: .४३५ भागिले .२७३, सुमारे १.५९. डफी: .४४० भागिले .३०९, सुमारे १.४२. क्रम उलटा झाला तो असा. या रीतीत एक खोट आहे. सुरुवातीच्या काळात संघांमधली गुणवत्ता फार असमान होती, त्यामुळे दुबळ्या पिचरांविरुद्ध अव्वल फलंदाजाचे गुणोत्तर फुगते. म्हणून बार्न्स आणि ओ'नील यांच्यातला फरक मी मोजत नाही. दोघे आणि डफी यांच्यातला मात्र मोजतो.

१८९० च्या दशकात आणखी एक गोष्ट फलंदाजाच्या बाजूने होती. फाउल गेलेला चेंडू स्ट्राइक धरत नसत. नॅशनल लीगने तो नियम १९०१ मध्ये आणला. नको असलेला चेंडू हलकेच रेषेबाहेर ढकलत राहायचे आणि पिचर दमला, की हवा तो चेंडू मारायचा. याचा फार त्रास झाल्यामुळेच १८९४ मध्ये निदान फाउल गेलेल्या बंटला (बॅट नुसती लावून ढकललेल्या चेंडूला) तरी स्ट्राइक धरू लागले. क्लीव्हलँडचा जेसी बर्केट या कामात वस्ताद. १८९६ मध्ये २४० हिट, .४१०. बाल्टिमोरचा विली कीलर उंचीने साडेपाच फुटांनाही कमी. बॅट बरीच वरून धरायचा आणि क्षेत्ररक्षक मागे उभे असले की त्यांच्या पुढे चेंडू टाकायचा. ते पुढे आले की डोक्यावरून. १८९७ मध्ये मोसमाच्या पहिल्या सामन्यापासून सलग ४४ सामन्यांत हिट, शेवटी २३९ हिट आणि .४२४. पुढच्या वर्षी त्याने २०६ सिंगल मारले. ताकदीचा फलंदाज बघायचा तर डेलाहँटी. तीन मोसम .४०० च्या वर, कारकिर्दीत .३४६, आणि १३ जुलै १८९६ रोजी शिकागोत एका सामन्यात चार होम रन.

मग ब्रूदर्सच का? वर सांगितलेले सगळे एकेका नियमाच्या काळात शिखरावर होते. ब्रूदर्स १८७९ मध्ये आला तेव्हा पिचर ४५ फुटांवरून, हात कमरेखाली ठेवून टाकत होते. १८८१ मध्ये अंतर ५० फूट झाले. १८८४ मध्ये नॅशनल लीगने हात खांद्यावरून फिरवायची मुभा दिली. १८८७ मध्ये हाय-लो गेले, १८८९ मध्ये वॉक चार चेंडूंवर आला, १८९३ मध्ये रबराची पट्टी आली. या प्रत्येक बदलानंतर तो मारतच राहिला. ६ फूट २ इंच उंच, डावखुरा. १८८१ ते १८८६ सलग सहा वर्षे फटक्याच्या लांबीची सरासरी, म्हणजे दर पाळीमागे मिळवलेले बेस, यात तो नॅशनल लीगमध्ये पहिला. सरासरीचे किताब पाच: १८८२, १८८३, १८८९, १८९२ आणि अमेरिकन असोसिएशनमधला १८९१ चा. १८८२ मध्ये लीगची सरासरी .२५१ च्या आसपास असताना त्याने .३६८ केली. १८९४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, बाल्टिमोरकडून .३४७. कारकिर्दीची सरासरी .३४२, आणि एवढा ताकदीने मारणारा असूनही स्ट्राइकवर बाद होण्याची नोंद अडीचशेच्या आत. मोठा फटका आणि चेंडूवरची नजर, दोन्ही एकाच माणसात त्या काळी दुसऱ्या कोणात मला दिसत नाही.

शेवटी यादीत नसलेल्यांबद्दल. कृष्णवर्णीय कॅचर (यष्टिरक्षकासारखा प्लेटमागचा खेळाडू) मोझेस फ्लीटवूड वॉकर १८८४ मध्ये टोलेडोकडून अमेरिकन असोसिएशनमध्ये ४२ सामने खेळला, सरासरी .२६३. १४ जुलै १८८७ रोजी नेवार्कमध्ये ॲन्सनने कृष्णवर्णीय पिचर जॉर्ज स्टोव्हीविरुद्ध आपला संघ उतरवायला नकार दिला, आणि त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या (मेजरपेक्षा खालच्या दर्जाच्या लीगच्या) मालकांनी बफेलोत मतदान करून यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार करायचे नाहीत असे ठरवले. ॲन्सन तेव्हा या खेळातला सर्वांत वजनदार माणूस होता, त्यामुळे त्याच्या नकाराचे वजनही तेवढेच पडले. त्याचे हिट मोजताना हेही त्याच्याच खात्यावर लिहावे लागते. बफेलोचा दुसरा बेस सांभाळणारा फ्रँक ग्रँट त्या लीगमधल्या उत्तम फलंदाजांपैकी एक होता. त्याला मेजर लीगमध्ये एकही पाळी मिळाली नाही, म्हणून त्याचे नाव वरच्या कोणत्याही हिशेबात आले नाही. हॉल ऑफ फेममध्ये त्याला २००६ मध्ये घेतले.